कोबी वाचवायला त्यानं समुद्रापलीकडून गांधीलमाशी मागवली, तीच युक्ती आज धाराशिवच्या रानात कामाला येते

धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या ऊस उत्पादकांना लोकरी मावा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. २००२ साली ही कीड सांगली भागात दिसली आणि बघता बघता राज्याच्या उसाच्या पट्ट्यात पसरली. पानाच्या खालच्या बाजूला कापूस पिंजून चिकटवल्यासारखा पांढरा थर, त्यातून टपकणारा चिकट रस आणि त्या रसावर वाढणारी काळी बुरशी. पानं काळी पडली की ऊस पोसायचा थांबतो.

औषध मारावं म्हटलं तर डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कोण? आणि शिरलं तरी पानाखाली लपलेल्या माव्यापर्यंत फवारा पोहोचणार कसा?

शेवटी हा मावा आवरला तो दुसऱ्या किड्यांनीच. मावा खाणारी डिफाची अळी, मायक्रोमस नावाचा किडा आणि ईशान्य भारतातून आणून सोडलेली एन्कार्शिया नावाची इवलीशी गांधीलमाशी.

काट्यानं काटा काढायचा, ही गोष्ट आपल्याकडं म्हणीत होतीच. पण ती शेतीत सरकारी खर्चानं, पद्धतशीरपणे आणि देशाच्या सीमा ओलांडून करून दाखवण्याचं श्रेय ज्या माणसाला जातं त्याचं नाव चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली. कीटकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव भेटतं. त्याची गोष्ट मात्र शेतकऱ्यालाही माहिती असायला हवी.

आधी ही गांधीलमाशी करते काय ते बघू

गांधीलमाशी म्हटलं की घराच्या वळचणीला पोळं करणारी आणि चावली की तोंड सुजवणारी माशी आठवते. इथं विषय तिचा नाही. या परोपजीवी गांधीलमाश्या असतात अगदी बारीक. आपल्याकडं वापरली जाणारी ट्रायकोग्रामा तर एक मिलिमीटरही भरत नाही. माणसाच्या वाटेला त्या जात नाहीत.

त्यांची मादी किडीच्या अंगात किंवा किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. अंड्यातून निघालेली अळी त्या किडीला आतून खात खात मोठी होते. कीड मरते आणि तिच्या जागी नवी गांधीलमाशी बाहेर पडते. ती पुढची कीड शोधायला निघते. म्हणजे एकदा सोडली की ही फौज स्वतःच वाढते. तिला ना डिझेल लागतं, ना मजूर.

परदेशातून आलेली कीड एवढी बेफाम का वाढते, याचं उत्तरही इथंच आहे. रोपं, फळं, बियाणं, लाकूड यांच्याबरोबर कीड नव्या देशात पोहोचते, पण तिला मायदेशात खाणारे शत्रू बहुतेक वेळा मागंच राहतात. नव्या मुलखात तिला रान मोकळं मिळतं. मग उपाय काय? तिच्या गावी जायचं, तिचा शत्रू शोधायचा आणि त्यालाही इकडं आणायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण हे करून दाखवायला रायलीचं अख्खं आयुष्य गेलं.

चित्रकार पोरगा शेतावर आला

रायलीचा जन्म १८ सप्टेंबर १८४३ चा, लंडनचा. शिक्षण झालं फ्रान्समधल्या दिएप आणि जर्मनीतल्या बॉन शहरात. पोराला दोन गोष्टींचा नाद. एक किडे गोळा करायचा आणि दुसरा चित्रं काढायचा. पुढं हे दोन्ही नाद एकाच कामाला आले.

१८६० मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी तो अमेरिकेला गेला आणि इलिनॉय राज्यातल्या एका शेतावर राबू लागला. पिकाचं किडी कसं वाटोळं करतात हे त्यानं पुस्तकात वाचण्याआधी शेतात पाहिलं. काही वर्षांनी तो शिकागोला आला. तिथं मिळेल ते काम केलं, लोकांची चित्रं काढून दिली आणि शेवटी प्रेअरी फार्मर नावाच्या शेतीविषयक वर्तमानपत्रात नोकरी धरली. शेतकरी पत्रातून किडींबद्दल विचारायचे आणि रायली उत्तरं द्यायचा. मधल्या काळात १८६४ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात काही महिने शिपाईगिरीही करून आला.

१८६८ मध्ये मिझुरी राज्यानं त्याला राज्य कीटकशास्त्रज्ञ नेमलं. तेव्हा तो पंचविशीलाही पोहोचला नव्हता आणि हातात विद्यापीठाची पदवी नव्हती. पण पुढच्या नऊ वर्षांत त्यानं जे नऊ वार्षिक अहवाल लिहिले, त्यांनी त्याचं नाव जगभर केलं. कीड कधी अंडी घालते, कोषात कधी जाते, तिला कोण खातं, हे सगळं शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत आणि सोबत स्वतःच्या हातची चित्रं. चार्ल्स डार्विनसुद्धा या अहवालांचा चाहता होता.

कल्पना मित्राची, जिद्द रायलीची

परदेशी किडीसाठी परदेशातून शत्रू आणायची कल्पना काही एकट्या रायलीच्या डोक्यातून आली नव्हती. त्याचा वडीलधारा मित्र, इलिनॉयचा कीटकशास्त्रज्ञ बेंजामिन वॉल्श १८६६ पासूनच हे मांडत होता. दोघांनी मिळून कीटकांवरचं एक मासिकही चालवलं. पण १८६९ मध्ये वॉल्शला रेल्वेनं धडक दिली आणि त्यात तो गेला. कल्पना मागं राहिली, ती रायलीनं उचलली.

त्यानं सुरुवात घरापासून केली. आलुबुखाराच्या फळांचं नुकसान करणाऱ्या एका भुंग्याला मारणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या त्यानं १८७० मध्ये मिझुरीच्या एका भागातून दुसऱ्या भागात पोहोचवल्या.

द्राक्षाच्या मुळाशी लागलेली कीड

त्याच सुमारास फ्रान्सवर मोठं संकट आलं होतं. तिथल्या द्राक्षबागा उभ्या उभ्या वाळत होत्या. वेल उपटून पाहिला तर मुळांवर फिलॉक्सेरा नावाची बारीक पिवळसर कीड. फ्रान्समधले प्लांशाँ आणि अमेरिकेतला रायली यांनी एकमेकांशी संपर्क ठेवून या किडीचा माग काढला. ही कीड मूळची अमेरिकेची होती. तिथून आणलेल्या वेलांबरोबर ती युरोपात पोहोचली होती.

मग अमेरिकेतल्या द्राक्षवेली का मरत नव्हत्या? कारण हजारो वर्षं त्या किडीबरोबर राहून तिथल्या जंगली वेलींची मुळं तिला पुरून उरत होती. यातून तोडगा निघाला. मुळं अमेरिकन वेलीची ठेवायची आणि वर कलम फ्रेंच द्राक्षाचं बांधायचं. फ्रान्सच्या बागा वाचल्या आणि फ्रेंच सरकारनं रायलीला सुवर्णपदक दिलं.

आता हे वाचून धाराशिव, तुळजापूर भागातला एखादा द्राक्ष बागायतदार म्हणेल, यात नवीन काय? बरोबर आहे. आज महाराष्ट्रात बाग लावताना आधी डॉगरिजचा खुंट लावतात आणि मग त्यावर हव्या त्या द्राक्षाचं कलम करतात. हा डॉगरिजही अमेरिकेच्या टेक्सासमधल्या जंगली द्राक्षाच्या घराण्यातला. आपल्याकडं तो मुख्यतः कमी पाणी आणि खारवट जमीन सोसतो म्हणून वापरतात. पण अमेरिकन मुळावर दुसरं द्राक्ष बांधायची पद्धत जगभर रुळली ती याच संकटातून.

याच लढाईत रायलीला एक अपयशही आलं. अमेरिकेत फिलॉक्सेराला खाणारा एक कोळी त्यानं १८७३ मध्ये फ्रान्सला पाठवला. कोळी तिथं जगला, पण किडीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. शत्रू नुसता आणून भागत नाही, तो कामाचाही असावा लागतो, हा धडा त्याला मिळाला.

टोळ खाणारा सरकारी माणूस

दरम्यान अमेरिकेच्या मध्य भागात टोळधाडींनी हाहाकार माजवला. उपासमारीला तोंड देणाऱ्या लोकांना टोळ खाता येतात हे पटवून द्यायला रायलीनं १८७५ मध्ये टोळांचे पदार्थ शिजवून लोकांना वाढले आणि स्वतःही खाल्ले. १८७७ मध्ये टोळांच्या प्रश्नावर केंद्रीय आयोग नेमला गेला, त्याचा प्रमुख तोच झाला. पुढच्याच वर्षी त्याला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याचा कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमलं. मधला थोडा काळ सोडला तर १८९४ पर्यंत हे पद त्याच्याकडं होतं.

आणि मग आली गांधीलमाशी

१८६० च्या आसपास युरोपातलं एक पांढरं फुलपाखरू कॅनडाच्या क्विबेकमध्ये पोहोचलं. दिसायला गरीब, पण त्याच्या हिरव्या अळ्या कोबीचा गड्डा चाळणीसारखा करायच्या. दोन दशकांत ही कीड अमेरिकेत दूरवर पसरली.

इंग्लंडमध्ये याच अळीला एक काळी बारीक गांधीलमाशी जेरीस आणते हे रायलीला माहीत होतं. आज तिला कोटेशिया ग्लोमेराटा म्हणतात. तिची मादी लहान अळीच्या अंगात वीस-तीस किंवा त्याहूनही जास्त अंडी घालते. अळी वरून धडधाकट दिसते, खात राहते. पण एक दिवस तिच्या कातडीतून लहान लहान अळ्या बाहेर पडतात आणि तिच्याच शेजारी पिवळ्या रेशमी कोषांचा झुबका विणतात. कोबीची अळी तिथंच संपते.

१८८३ मध्ये रायलीनं इंग्लंडहून या गांधीलमाश्या मागवल्या. जहाजाचा लांबचा प्रवास करून त्या जिवंत पोहोचल्या आणि वॉशिंग्टनसह काही ठिकाणी सोडल्या गेल्या. त्या तिथं रुजल्या, वाढल्या आणि कोबीच्या अळीला मारू लागल्या. किडीचा बंदोबस्त करायला परोपजीवी गांधीलमाशी एका खंडातून दुसऱ्या खंडात नेऊन यशस्वीपणे वसवल्याची ही पहिली नोंद मानली जाते.

संत्र्याच्या बागा आणि १२९ किडे

तरी रायलीचं नाव गाजलं ते पाच वर्षांनंतरच्या मोहिमेमुळं. कॅलिफोर्नियात ऑस्ट्रेलियातून एक खवले कीड आली होती, आयसेरिया. पाठीवर कापसासारखी पांढरी पिशवी घेऊन ती संत्र्याच्या झाडाला चिकटायची आणि रस शोषायची. विषारी धुरी देऊनही ती हटेना. शेतकरी बागा तोडून जाळू लागले.

१८८७ मध्ये रायली कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांसमोर उभा राहिला आणि ऑस्ट्रेलियात जाऊन या किडीचा शत्रू शोधायला हवा असं त्यानं सांगितलं. अडचण एकच होती. कृषी खात्याच्या कीटकशास्त्रज्ञांनी परदेश दौरे करू नयेत म्हणून अमेरिकेच्या संसदेनं त्या खर्चाला मनाई केली होती.

मग एक पळवाट काढली गेली. १८८८ मध्ये मेलबर्नला मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि अमेरिका तिथं आपलं पथक पाठवणार होती. रायलीचा सहकारी आल्बर्ट कोबेले याला त्या पथकात घुसवलं. कागदावर प्रदर्शन, प्रत्यक्षात किड्यांचा शोध.

कोबेलेनं अॅडलेडमध्ये दोन शत्रू गोळा केले. एक परोपजीवी माशी आणि दुसरा लालकाळा ढालकिडा, व्हेडालिया. रायलीचा भरवसा जास्त होता माशीवर. पण बाजी मारली ढालकिड्यानं. जानेवारी १८८९ पर्यंत जेमतेम १२९ ढालकिडे लॉस एंजेलिसला पोहोचले. एका संत्र्याच्या झाडावर तंबू टाकून त्यात ते सोडले. एप्रिलमध्ये तंबू उघडला आणि जूनपर्यंत १०,००० हून जास्त किडे शेतकऱ्यांना वाटून झाले. वर्षभरात कीड जवळपास दिसेनाशी झाली. कोबेलेच्या या मोहिमेला खर्च आला होता सुमारे २,००० डॉलर. वाचला तो अख्खा संत्रा उद्योग.

श्रेयाचं भांडण

इतकं मोठं यश मिळालं की वाटेकरीही जमतात. बागायतदारांनी कोबेलेला सोन्याचं घड्याळ आणि त्याच्या बायकोला हिऱ्यांची कर्णफुलं दिली. कॅलिफोर्नियाचे अधिकारी म्हणू लागले, हे आमच्यामुळं झालं. रायलीला ते सहन झालं नाही. तो हुशार होता तसाच मानी आणि भांडखोरही होता. वरिष्ठांशी त्याचे खटके उडायचे, बरोबरीच्यांशीही. कॅलिफोर्नियाशी त्याचे संबंध कायमचे बिघडले. १८९४ मध्ये त्यानं कृषी खात्याचा राजीनामा दिला.

पुढच्या वर्षी १४ सप्टेंबर १८९५ ला सकाळी तो मुलाबरोबर सायकलवरून वॉशिंग्टनच्या एका उतारावरून निघाला होता. एका गाडीतून पडलेला दगड रस्त्यात होता. सायकलचं चाक त्यावर आदळलं, रायली डोक्यावर पडला आणि त्याच दिवशी गेला. ५२ वा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्यानं आयुष्यभर जमवलेले १ लाख १५ हजारांहून जास्त कीटक त्याआधीच वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकले होते.

या युक्तीची दुसरी बाजू

रायलीच्या काळात एक प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हता. आणलेला शत्रू आपल्याला हवी तीच कीड खाईल कशावरून? कोबीसाठी आणलेली गांधीलमाशी पुढं अमेरिकेतल्या एका देशी पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्यांनाही मारू लागली आणि न्यू इंग्लंड भागात ते फुलपाखरू कमी होण्यामागं तिचाही हात धरला जातो.

म्हणून आता नियम कडक आहेत. परदेशी मित्रकीटक आणायचा तर सरकारी परवानगी लागते. तो आधी बंद प्रयोगशाळेत ठेवतात, मधमाशी, रेशमाची अळी आणि इतर उपयोगी किड्यांना त्याचा त्रास नाही ना हे तपासतात आणि मगच शेतात सोडतात.

रायली गेला, युक्ती भारतात आली

कॅलिफोर्नियातली तीच खवले कीड पुढं भारतात निलगिरीत पोहोचली. तेव्हा १९३० च्या आसपास तोच व्हेडालिया ढालकिडा इथंही आणला गेला आणि इथंही त्यानं कीड आवरली.

अलीकडची गोष्ट पपईची. मेक्सिको भागातला पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि बागांमागून बागा पांढऱ्या पडू लागल्या. २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेनं अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीनं पोर्तो रिकोहून अॅसेरोफॅगस पपये ही गांधीलमाशी आणली. म्हणजे ज्या खात्यात रायलीनं हे काम सुरू केलं, त्याच खात्यानं भारताला मदत केली. तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्रात ती सोडली गेली आणि काही महिन्यांत पिठ्या ढेकूण आटोक्यात आला.

कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाची गंमत तर आणखी वेगळी. तोही अमेरिकेकडून आलेला. पण त्याला मारणारी एनासियस नावाची गांधीलमाशी कुणी न आणताच आपल्या शेतात सापडली आणि तिनं आपलं काम चोख केलं.

२०१८ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी दिसली. तिच्यासाठीही अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस या गांधीलमाश्यांची शिफारस केली जाते.

धाराशिवच्या शेतकऱ्यानं यातून काय घ्यायचं

१९४० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या काही संत्राबागांत डीडीटी फवारलं गेलं. त्यात ढालकिडे मेले आणि पन्नासेक वर्षं गप्प असलेली खवले कीड पुन्हा उसळली. फवारणी थांबवून ढालकिडे परत सोडले तेव्हा कुठं ती हटली. किडीपेक्षा तिचा शत्रू औषधाला लवकर बळी पडला होता.

हेच आपल्या रानातही होतं. हरभऱ्यावरच्या घाटेअळीला मारणारी कॅम्पोलेटिस गांधीलमाशी शेतात आपोआप असते. उसाच्या, ज्वारीच्या खोडकिड्यावर कोटेशियाचीच एक बहीण जगते. तिचे कोष पांढरे, तांदळाच्या दाण्यांच्या पुंजक्यासारखे दिसतात. बरेच जण ती किडीची अंडी समजून चिरडतात किंवा लगेच पंप काढतात.

ट्रायकोकार्ड लावायचं असेल तर आधी कीड ओळखायला हवी. साध्या पोस्टकार्डासारख्या या कार्डावर सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात. ती असतात तांदळावरच्या पतंगाची, पण आत वाढत असते ट्रायकोग्रामा. पतंगांची अंडी शेतात दिसू लागली की कार्डाचे तुकडे करून पानाच्या खालच्या बाजूला लावायचे, शक्यतो संध्याकाळी. अळी मोठी झाल्यावर कार्ड लावून उपयोग नाही, कारण ही माशी फक्त अंडी मारते. आणि कार्ड लावल्याच्या आगेमागे कीटकनाशक मारलं तर पैसे पाण्यात. कुठल्या पिकात किती कार्डं लावायची हे तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारता येतं.

शेतात एखादी अळी सुस्त पडलेली आणि तिच्या शेजारी कोषांचा झुबका दिसला, तर त्या दिवशी पंप तसाच ठेवायचा. तिथं काम करायला कुणीतरी आधीच आलेलं असतं.